सेवेतला खंड

सदानंदला आताशा स्वतःच्या मुलीचं नाव आठवत नसे. पण शारजातल्या त्या इमारतीची लिफ्ट, खालचं किराण्याचं दुकान आणि दुकानातला हमदुल्ला त्याला पक्के ठाऊक होते. रोज दुपारी तो एकटा खाली उतरे, ताकाची बाटली घेई आणि थट्टा केल्याशिवाय वर येत नसे.

"क्यूँ हमदुल्ला, आज ऊँट हड़ताल पर हैं? इतना पतला?"

"हड़ताल नहीं साहब, आपकी तरह रिटायर हो गए."

त्याचं उरलेलं जग एवढंच होतं, आणि ते शाबूत होतं. ही जागा बदलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याची बायको अनुराधा स्वतः परिचारिका; ते कळायला तिला डॉक्टरांची गरज नव्हती.

दुबईतल्या एका रुग्णालयात तिची उभी हयात गेली होती. सदानंद तिच्याच व्हिसावर राहत होता. आता तिची साठी जवळ आली होती. नोकरी संपली की तिचा निवास संपणार, आणि पाठोपाठ त्याचाही. निवृत्तांसाठी वेगळी सोय होती, पण त्या सोयीसाठी लागणारी मिळकत त्यांच्यापाशी नव्हती. अशात जुन्या परिचारिकांना दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू लागला. तिच्या रुग्णालयानेही शिफारशी पाठवायचं ठरवलं. अट एवढीच, की पंधरा वर्षांची सलग सेवा हवी. तिची वीसच्या वर झाली होती. ती निर्धास्त होती.

कार्मिक विभागातल्या हिबाने तिला बोलावून घेतलं.

"सिस्टर, मध्ये तुम्ही राजीनामा दिला होता."

"सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता. आठ महिने सांगलीला होते. परत आले ती त्याच वॉर्डात."

"बिनपगारी रजा का नाही घेतली?"

 रजेवरच्या परिचारिकेची जागा रुग्णालय भरत नसे. तिच्या पाळ्या उरलेल्या जणींच्या अंगावर पडत. त्यांतल्या दोघी तेव्हा गरोदर होत्या.

"माझ्या जागी कुणीतरी यावं म्हणून," ती म्हणाली.

हिबाने पडद्यावरची नजर काढली. "हबीबती, हे मला कळतं. सिस्टिममध्ये लिहायला जागा नाही. तुमची सेवा परत आल्यापासूनची धरतात. बारा वर्षं."

"म्हणजे खलास?"



सेवेचं मोल जाणू पाहणाऱ्या त्या नियमाला सेवा म्हणजे अखंड हजेरी एवढंच ठाऊक होतं. मरणाऱ्या म्हातारीचं अंग पुसणं, तिला कुशीवर वळवणं, हा त्याच्या लेखी खंड होता. अनुराधाला नियमाचा राग आला नाही. राग यायला नियम कुणाचा तरी असावा लागतो.

त्या संध्याकाळी सदानंदने विचारलं, "आई कशी आहे गं?"

"बरी आहे," ती म्हणाली.

अतिदक्षता विभागात रुग्णाचं श्वासयंत्र एकदम काढत नाहीत. थोडा थोडा वेळ ते बाजूला करत सवय मोडत नेतात. हे तिने शेकडो जणांसाठी केलं होतं. व्हिसा संपला की सांगलीला परतावं लागणार होतं; तिथे सदानंदने रोज दार बडवून हमदुल्लाला शोधू नये, म्हणून आता तिने तेच घरी सुरू केलं. आधी एक दिवसाआड, मग सलग दोन-दोन दिवस, ती दाराला कडी घालू लागली.

"अहो, आज दुकान बंद आहे."

"का? शुक्रवार आहे का?"

"हो."

दुसऱ्या दिवशीही शुक्रवारच होता. तो चपला घालून दारापाशी बसून राही. हमदुल्लालाही तिने सांगून ठेवलं होतं; तो फोनवर एवढंच म्हणाला, "भाभीजी, दस मिनट के लिए भी नहीं?"

"नहीं, भाईसाब."

काही आठवड्यांनी एका दुपारी सदानंद चपलांकडे वळलाच नाही. खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत राहिला. उपाय लागू पडत होता. वॉर्डात असती, तर तिने पुढच्या पाळीतल्या सिस्टरला हे समाधानाने सांगितलं असतं. ती उठली, दाराची कडी काढली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, खाली जायचं?"

त्याने वर पाहिलं.

"खाली काय आहे?"