सासूबाईंच्या रुपयाची कडी

माझ्या सासूबाई निफाडच्या. त्यांच्याकडे पाच मोगली रुपयांची माळ होती, प्रत्येक रुपयाला वर चांदीची कडी डाख देऊन बसवलेली. मला नाण्यांचं वेड. लग्न झाल्यापासून माझा त्या माळेवर डोळा, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक. वीस वर्षं त्यांनी ती मला दुरूनच दाखवली. गेल्या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, एक रुपया माळेतून काढून माझ्या तळहातावर ठेवला. औरंगजेबाच्या काळातला, फारसी अक्षरं अजून ठसठशीत. मी नाचायचंच काय ते बाकी राहिलं.

नाशिकला आम्हा नाणेवेड्यांच्या मंडळाचं वर्षाला एक प्रदर्शन भरतं. कडी लावलेलं नाणं पाहून तिथले जाणकार नाक मुरडतात. त्यांच्या लेखी ते वाया गेलेलं. मी अंबडच्या कारखान्यात आयुष्यभर कानस चालवलेला माणूस. एका रविवारी कडी कापली आणि वर अशी सफाईने कानस फिरवली की डाखाचा मागमूस राहिला नाही. रुपया निळ्या मखमलीवर मांडला. मंडळाच्या अध्यक्षांनी भिंग लावून पाहिलं आणि ‘वा’ म्हणाले. मग काय, मी दिवसभर हवेत.

दुपारी सासूबाई आल्या, दोन जावांना घेऊन, ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसून. कमरेच्या पिशवीची गाठ सोडता सोडता त्यांनी माझी काचपेटी निरखली.

“जावईबापू, माझा रुपया कुठं हाय?”

मी दाखवला.

“हा नाय. माझ्या रुपयाला कडी हाय.”

“होती, आई. मी काढली.”

त्यांनी पिशवीची गाठ तेवढी पुन्हा आवळली. आत उरलेले चार रुपये होते, मला द्यायला आणलेले. हे बायकोने घरी आल्यावर सांगितलं. त्या कड्या सासूबाईंच्या आईने लेकीच्या लग्नात बसवून घेतल्या होत्या, हेही सांगितलं. मला जेवण गेलं नाही. हातात कसब आणि डोक्यात अंधार, दुसरं काय.

नशीब, कडी मी काड्यापेटीत जपून ठेवली होती. सराफ बाजारातल्या एका जुन्या कारागिराकडून ती पुन्हा बसवून घेतली. आता या नाण्याला कोण विचारणार, म्हणून मंडळी हळहळली.

यंदाच्या प्रदर्शनाला सासूबाई पुन्हा आल्या. कडीवरून बोट फिरवलं, पिशवी सोडली आणि चारही रुपये स्वतःच्या हाताने मखमलीवर मांडले. माझे डोळे भरून आले. मी पाया पडायला वाकलो, तोवर त्या खुर्ची ओढून पेटीशेजारी बसल्याही होत्या.

“हे नुसते लोकांना दाखवायला आणलेत,” त्या म्हणाल्या. “सांजच्याला परत नेणार. तुमच्या घरात कानस हाय.”