ओमना टीचर दुभाषी होत्या तोवर

केरळातल्या चेर्पुळश्शेरीच्या वाचनालयात सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर व्याख्यान असलं की त्याची तऱ्हा ठरलेली असे. समईच्या पाच वाती पाच जणांनी लावायच्या. मग स्वागत, मग अध्यक्ष, मग उद्घाटक, मग शुभेच्छा द्यायला आणखी चौघं. एवढं होऊन वेळ उरलाच तर पाहुण्यानं बोलायचं. पाहुणा कधी बंगळूरहून आलेला, कधी पार जर्मनीहून. तो इंग्रजीत बोलणार आणि शेजारच्या माइकवरून ओमना टीचर ते मल्याळममध्ये सांगणार. हे अकरा वर्षं चाललं.

ओमना टीचर सरकारी हायस्कूलात गणित शिकवायच्या. शाळांमधले संगणक मुक्त प्रणालीवर, म्हणजे कुणीही घ्यावी, बदलावी अशा प्रणालीवर, आले तेव्हा सगळ्या शिक्षकांना चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. बाकीचे प्रमाणपत्रासाठी आणि दुपारच्या जेवणासाठी गेले. टीचरही त्यासाठीच गेल्या होत्या, पण पडद्यावर मल्याळम जोडाक्षरं फुटलेली दिसली आणि त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी ती प्रणाली सांभाळणाऱ्या कुठल्याशा मंडळाला पत्र लिहिलं. दोन दिवसांनी कोट्टयमच्या एका अनोळखी माणसानं दुरुस्ती पाठवली, सोबत ती कशी केली तेही लिहिलं आणि पुढच्या वेळी तुम्हीच करा म्हणून सांगितलं. हा व्यवहार टीचरांना मनापासून पटला. वीस वर्षं त्या पायथागोरसचं प्रमेय शिकवत होत्या, त्यासाठी कुणाची परवानगी काढायची वेळ आली नव्हती. इथेही तसंच असावं यात त्यांना काही क्रांती वगैरे वाटली नाही. वाटला तो साधा शहाणपणा.

क्रांती वाटायची ती कैमळ वकिलांना. राघव कैमळ हे ही व्याख्यानं भरवणाऱ्या ‘स्वतंत्र संगणक सौहृद समिती’चे संस्थापक अध्यक्ष. ज्ञानमुक्ती, डिजिटल गुलामगिरी, मक्तेदारीचा विळखा हे शब्द त्यांच्या तोंडून अशा सफाईनं निघत की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज सकाळी उठून साखळदंड तोडतो. त्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर विकतची प्रणाली होती आणि तीही चोरून बसवलेली. आलेली ईमेल त्यांचा कारकून छापून आणून टेबलावर ठेवी. टीचरांना हे पहिल्याच वर्षी कळलं. त्या कुणाला बोलल्या नाहीत, पण त्यानंतर कैमळांचं अध्यक्षीय भाषण चालू झालं की त्या पर्समधून उत्तरपत्रिका काढून तपासत बसत.

टीचर दुभाषी झाल्या त्या अपघातानं. पहिल्या व्याख्यानाला कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक नेमले होते. त्यांनी असं संस्कृतप्रचुर मल्याळम काढलं की तिसऱ्या रांगेतल्या चहावाल्यानं विचारलं, हे कुठल्या देवळाचं स्तोत्र आहे. पाहुणा हैराण, सभा हसतेय. टीचर उठल्या, स्टेजवर गेल्या आणि प्राध्यापकांच्या हातातून माइक घेऊन म्हणाल्या, “मास्टर, तुम्ही जरा पाणी प्या.”

त्या दिवसापासून पाहुण्याचं बोलणं त्या आपल्या पद्धतीनं सांगू लागल्या. परदेशी उदाहरणं सभेच्या डोक्यावरून जात, म्हणून त्या स्वतःची घालत. त्यातलं एक फार गाजलं. त्यांचे मामा देवळात चेंडा, म्हणजे तिकडचा ढोल, वाजवत. आशानकडून, म्हणजे गुरूकडून, शिष्य ताल शिकतो तेव्हा आशानचा हात रिकामा होत नाही, टीचर सांगत. उलट देवळात वाजवणारे दोन होतात. तुमची सायकल मी नेली तर तुम्ही पायी जाल. तुमचा ताल मी नेला तर तुमचं काय गेलं? एवढं ऐकल्यावर कॉपीराइट आणि मालमत्ता यांतला फरक भाजीवाल्यालाही कळे. वाचनालयाचे मोइदीनिक्का हे सगळं टेपवर घेत. व्याख्यानाची टेप वाचनालयात कुणीही येऊन ऐकावी, असा त्यांचा नियम.

टीचरांना टाळ्या आवडत. पाहुण्यापेक्षा आपल्या वाक्याला जास्त पडल्या की घरी जाताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत हसत. हे त्यांनी पुढे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं आणि स्वतःलाही चार शब्द सुनावले.

अकराव्या वर्षी समितीचा एक माणूस प्रकाशनाआधीच शाळेत पुस्तकं विकायला आला. ‘ज्ञानाला कुलूप नाही’, लेखक अॅडव्होकेट राघव कैमळ, किंमत एकशे वीस रुपये. शाळेच्या वाचनालयासाठी पाच प्रती घ्याव्यात अशी विनंती होती. टीचरांनी मधल्या सुट्टीत एक प्रत चाळली आणि तिसऱ्या पानावर त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. पुढे सगळं पुस्तकच त्यांचा आवाज होतं. मोइदीनिक्कांच्या टेपा कुणाकडून तरी उतरवून घेतल्या होत्या. चेंडाही होता, फक्त मामा आता कैमळांचे झाले होते. पानं मागे उलटत त्या सुरुवातीच्या आतल्या पानावर पोचल्या. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: सर्व हक्क लेखकाकडे राखीव, लेखी परवानगीवाचून यातला कोणताही भाग कुठल्याही मार्गानं उतरवल्यास कायदेशीर कारवाई होईल.

त्याच संध्याकाळी त्या कैमळांच्या ऑफिसात गेल्या. कैमळांनी चहा मागवला, पऴमपोरी म्हणजे केळ्याची भजी मागवली, आणि टीचरांचं ऐकून घेतल्यावर फार प्रेमानं म्हणाले, “टीचर, तुम्हीच अकरा वर्षं सांगताय, शब्द सगळ्यांचे. मग मी घेतले तर राग कशाचा?”

“घेतल्याचा नाही सार. घेऊन दाराला कडी घातलीत त्याचा.”

“ते प्रकाशकाचं असतं हो. छापील मजकूर. कोण वाचतं?”

“मी वाचते. आणि मामा तुमचे कधी झाले?”

कैमळ हसले. तुमचं नाव घालायचंच होतं, म्हणाले, पण दुभाष्याचं नाव पुस्तकावर घालायची पद्धत नाही. शेवटी बोलणारा एक आणि सांगणारा एक. सांगणारा म्हणजे नळ, पाणी कुठे त्याचं? टीचरांनी पऴमपोरीला हात लावला नाही. या माणसाला आपण अकरा वर्षं ‘सार’ म्हणत आलो, याचीच त्यांना घरी जाताना जास्त लाज वाटली.

प्रकाशनाचा समारंभ पुढच्या रविवारी होता. पाहुणा ब्राझीलचा, मार्सेलो नावाचा, मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात चांगल्यापैकी ओळखला जाणारा. टीचर गेल्या. कैमळ नळ म्हणाले ना, मग नळासारखंच वागू, जे आत येईल ते बाहेर सोडू, असं त्यांनी ठरवलं होतं. मनातून त्यांना त्या पाहुण्याबद्दल आशाही होती. त्याचे लेख त्यांनी वाचले होते.

मार्सेलो सुंदर बोलला. डिजिटल जमान्यात प्रत काढणं हे श्वास घेण्याइतकं सोपं झालंय, म्हणाला, आणि श्वासावर पहारा बसवायचा तर घराघरात पहारेकरी लागतील. टीचरांनी शब्दाला शब्द लावून सांगितलं. स्वतःचं एक अक्षर घातलं नाही. मग पुस्तक त्याच्या हातात आलं. रिबीन सोडल्यावर सौजन्य म्हणून त्यानं टीचरांना विचारलं, मला ही लिपी येत नाही, सुरुवातीचं काहीतरी वाचून दाखवाल का.

टीचरांनी आतलं पान उघडलं. बारीक अक्षरातला मजकूर आधी मल्याळममध्ये वाचला, पूर्णविरामापर्यंत, मग तोच इंग्रजीत. मार्सेलोनं पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. कैमळ अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

पाहुणा आता पुस्तक परत टेबलावर ठेवेल, प्रकाशन नको म्हणेल, असं टीचरांना खरोखर वाटलं. तो त्यांच्याकडे झुकला, माइकवर हात धरला आणि हळूच काही म्हणाला. टीचरांनी मान डोलावली आणि आपल्या माइकवरून सभेला सांगितलं, “पाहुणे म्हणताहेत, आता हा विषय वाढवायला नको, यांनी माझ्या विमानाचं तिकीट काढलंय.”

हसण्याचा लोट उठला. मार्सेलोला काय सांगितलं ते कळलं नाही, पण अंदाज आला, कारण त्याचे कान लाल झाले. कैमळांनी माइक ओढून मुद्रणदोष, मुद्रणदोष असं दोनदा म्हटलं. त्यालाही टाळ्या पडल्या. मग फोटो झाला. मार्सेलो पुस्तक छातीशी धरून हसतोय, कैमळ सोनेरी शाल त्याच्या खांद्यावर घालताहेत. जे आत्ताच हसले होते तेच फोटोसाठी पुढे सरकले. टीचरांनी माइक स्टँडला अडकवला, पर्स घेतली आणि मधल्या वाटेनं बाहेर पडल्या. मागे चहाचं पातेलं खळखळत होतं आणि निम्मी सभा तिकडेच बघत होती.

पुढच्या महिनाभरात त्यांनी सगळ्या टेपा स्वतः पुन्हा ऐकून उतरवून काढल्या. प्रत्येक व्याख्यानावर मूळ वक्त्याचं नाव, तारीख, खाली ‘मल्याळममध्ये सांगणारी: के. ओमना’, आणि शेवटी एक ओळ: उतरवा, वाटा, सुधारा, फक्त दुसऱ्याला अडवू नका. वक्त्यांना पत्रं लिहून होकार मिळवले. ब्राझीललाही लिहिलं. मार्सेलोचा होकार एका ओळीत आला, दिलगिरी नव्हती. मग सगळं त्यांनी सर्वांसाठी खुलं केलं.

कैमळांची नोटीस शाळेच्या पत्त्यावर आली. लेखकाच्या हक्काचा भंग, वगैरे. हेडमास्टर घाबरले, शाळेचं नाव कशाला मध्ये, म्हणाले. टीचरांनी त्यांच्यासमोरच उत्तर लिहिलं. त्यात एवढंच होतं की मूळ आवाज मोइदीनिक्कांकडे आहे, न्यायाधीशांनी वाचनालयात येऊन ऐकावा. परत नोटीस आली नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती मात्र आली. तिच्यात आभाराच्या पानावर कारकून, पत्नी आणि छपाईवाला यांच्यानंतर ‘सहकार्याबद्दल ओमना टीचर’ असं छापलं होतं. कुणीतरी उत्साहानं ते पान त्यांना आणून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “छपाईवाल्याच्या आधी घातलं असतं तर जरा बरं दिसलं असतं.”

समितीनं पुन्हा इंग्रजीच्या प्राध्यापकांना बोलावलं. सभेला आता काही कळत नाही, पण कुणाची तक्रारही नाही. पुढल्या वर्षी टीचर निवृत्त झाल्या. बोलवायला कधी कुणी आलंच तर त्या एकच विचारतात, अध्यक्ष कोण. नाव ऐकून म्हणतात, मग मला काम आहे.

काम असतंही. दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत टायपिंगच्या दुकानांतल्या चार बायका येतात. मोडलेली जोडाक्षरं कशी जुळवायची ते टीचर त्यांना शिकवतात. तिथे समई नाही, शाल नाही, टाळ्याही नाहीत. पहिले काही शनिवार टीचरांना टाळ्यांवाचून चुकल्यासारखं होई. त्या बायकांपैकी शांता नावाची एक आहे, ती शिकवलेलं लगेच करून दाखवते आणि मग टीचरांनी केलेल्यातली चूक काढते. तिच्यावर टीचर चिडतात, वाद घालतात, आणि बहुतेक वेळा ती बरोबर निघते.