जवाईबापूंचा कोठा

मार्चच्या सुरुवातीला आमच्या वस्तीतली दोन वासरं बिबट्याने नेली. आमच्या पेपरात बातमी मीच लिहिली, चार परिच्छेद. आमची गाय तेव्हा आठ महिन्यांची गाभण होती आणि अंगणातल्या खुंट्याला उघड्यावर बांधलेली असे, कारण जुना कोठा, म्हणजे गोठा, वाळवीने खाल्ला होता. ती व्यायच्या आत नवा कोठा उभा करायचा होता. बांबू, माती आणि चार शेजारी असले की आमच्याकडे हे काम आठवड्यात उरकतं.

पण बल्लारपूरहून भाऊजी आले. माझ्या बहिणीचे यजमान, कारखान्यात फिटर. त्यांच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ होता. त्यात एक गोरा माणूस जमिनीत खांब रोवून, वर पत्रे ठोकून, एकट्याच्या बळावर कोठा उभारत होता. भाऊजींनी तो आम्हाला तीनदा दाखवला. तिसऱ्यांदा पाहताना माझ्या लक्षात आलं की त्या कोठ्यात दोन ट्रॅक्टर उभे आहेत. आमच्याकडे एक गाय होती.

खांब निलगिरीचे आणले. भाऊजींनी खड्डे मोजून खोदवले, म्हणजे मी खोदले आणि त्यांनी मोजले. जवायाला कुदळ हातात द्यायची नसते. त्याला पाटावर बसवतात, कोंबडी कापतात आणि तो बोलेल त्याला हो म्हणतात. भाऊजी पाटाऐवजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, एवढाच फरक. शेजारी मोहफुलं वेचून उन्हं चढल्यावर परतत, टोपल्या खाली ठेवून थोडा वेळ पाहत आणि छान आहे म्हणून निघून जात.

भिंती सहा फुटांच्या झाल्या, बांबूच्या ताट्यांवर माती लिंपलेल्या. पत्रे मात्र दहा फुटांवर गेले. मधली चार फूट जागा चारही बाजूंनी मोकळी. भाऊजी तिला व्हेंटिलेशन म्हणत. आमच्याकडचे कोठे इतके बुटके असतात की माणूस वाकून आत जातो, आणि ते तसे का असतात हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. शेंबड्या पोराला कोणी विचारलं नाही. बाबा रोज संध्याकाळी त्या मोकळ्या जागेकडे एकदा बघत आणि जवाईबापूंना चहा झाला का, विचारत.

मीही बघत होतो. दहा वर्षं मी सरपंचांना, ठेकेदारांना, साहेबांना प्रश्न विचारून पगार घेतला आहे. घरच्या अंगणात मी एकही विचारला नाही. भाऊजींनी कोठ्यासमोर उभं राहून फोटो काढला, तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि त्याच दुपारी मोटरसायकलने परत गेले. ग्रुपवर सत्तावीस अंगठे आले. त्यात एक माझा होता.

त्या संध्याकाळी बाबांनी गाय नव्या कोठ्यात नेली नाही. तिला घराच्या ओसरीवर घेतली आणि पुढे आडवी खाट लावली. जवाईबापूंनी फोनवर चौकशी केली तेव्हा बाबा म्हणाले, "नवीन जागा हाये, बुजून राह्यली. जाईन हळूहळू."

चौथ्या दिवशी सकाळी कोठ्यातल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पंजांचे ठसे होते. भिंतीवरून आत, गव्हाणीपर्यंत, आणि पुन्हा भिंतीकडे. बिबट्याने सगळा कोठा नीट पाहिला होता.

मी बाबांना विचारलं, "तुम्हाले दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मंग बोलले काऊन नाई?"

"मी सासरा हावो. मी बोललो तं लेकीले ऐकावं लागते." ते ठशाशेजारी उकिडवे बसले होते. "तू तं साळा हायस. साळ्यानं जवायाची टर उडवली तं कोणी मनावर घेत नाई. तुले एवढंबी कळलं नाई? पेपरात काय लिहितस मंग?"

त्यांचं खरं होतं. लग्नात भाऊजींचे जोडे लपवणारा मीच होतो. त्या नात्याने मला हवं ते बोलायची मुभा होती, आणि मी ती सभ्यपणाच्या नावाखाली वापरली नव्हती. सभ्यपणा हा फार महागडा शब्द झाला. भ्यालो होतो.

मी भाऊजींना फोन लावला. म्हटलं, "भाऊजी, तुमचं व्हेंटिलेशन बिबट्याले लय पसंत पडलं. काल येऊन पाहून गेला. मुक्कामालेच येते वाट्टे."

ते म्हणाले, "खुर्चीवर बसवून ठेवलं साल्याहो, आन् आता सांगता."

रविवारी ते मोटरसायकलवर तारेची दोन भेंडोळी बांधून आले. या वेळी खुर्ची कोणी बाहेर आणली नाही. मी एका खांबावर, ते दुसऱ्यावर, असं चढून आम्ही मोकळ्या जागेत पत्र्यापर्यंत बांबूच्या ताट्या आवळल्या. बाबा खालून एकेक ताटी वर देत होते आणि गाठ ढिली दिसली की जवायाचं नाव न घेता सांगत होते.

दिवस मावळायच्या आत गाय कोठ्यात बांधली. बाबांनी ओसरीवरची खाट घरात घेतली.