बाल्कनीतून काढलेला फोटो

बस डेपोत त्याला सगळे 'फोटोग्राफर' म्हणत. आता गंमत बघा, या माणसाच्या मालकीचा कॅमेरा जन्मात कधी नव्हता. सगळी नोकरी गेली बस चालवण्यात. पण मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला, की समोरच्या काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून तो मागच्यांना ऐकवायचा, "इथं आधी घुमटवालं दुकान होतं बरं का! त्याचा फोटो मी काढलाय. आठ वर्षांचा होतो." कंडक्टर घंटी वाजवून म्हणायचा, "चला हो फोटोग्राफर, बाकीच्या थापा पुढच्या चौकात." बसभर हशा पिकायचा. तोही हसायचा, पण आतून चडफडायचा.

चडफडणारच की! थाप नव्हतीच ती. त्याच चौकात, दुसऱ्या मजल्यावर त्याच्या वडिलांचा, अण्णांचा, फोटो स्टुडिओ होता. समोर दुकानाचा घुमट, त्यावरून एकदम उडालेली कबुतरं, आणि मागे कोपऱ्यावरच्या घराच्या छपरावरून जेमतेम टोक दाखवणारी पाण्याची टाकी, असा तो फोटो. स्टुडिओच्या काचेत लागला, कॅलेंडरवर छापून आला. मागे शिक्का अण्णांचा. पोरगं सांगत सुटलं, "मी काढलाय, बाल्कनीत बसून." घरचे हसले. अण्णाही हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, मूग गिळून बसले. पोरगं थापाडं ठरलं ते ठरलंच.

अण्णा गेल्यावर स्टुडिओ धाकट्या बहिणीने चालवला. साठी उलटली तरी घरात ती अजून 'छोटी'च. यंदा तिने एक मोठं काम अंगावर घेतलं होतं. अण्णांचा एकेक जुना फोटो घ्यायचा, ते जिथे उभे होते नेमकं तिथेच उभं राहून आजचा फोटो काढायचा आणि जोडी शेजारी शेजारी लावायची. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव.

हे कानावर आलं आणि आपला फोटोग्राफर हट्टाला पेटला.

"आता तरी सोडा की तो विषय," बायको म्हणाली. "गुडघे बघा आधी. दोन जिने चढवणार आहेत का ते?"

"रांगत जाईन," तो म्हणाला. "पण त्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव लागू देणार नाही."

काठी टेकत, कठडा धरत, दर वळणावर थांबत, गुडघ्यांना शिव्या घालत तो स्टुडिओत पोचला. छोटी बाल्कनीत होती. तिपाईवर कॅमेरा, हातात तो जुना फोटो, आणि चेहरा वैतागलेला.

"दादा, भांडायला आला असशील तर उगाच आलास," ती म्हणाली. "घुमटाचा फोटो मी वगळतेय."

चुकीचं नाव लागलं तर भांडता तरी येतं. फोटोच नाही लागला तर भांडायचं कशावरून? "वगळतेस? का?"

"जुळतच नाही रे. दुकान पडलं, पण कोपऱ्यावरचं घर तेच आहे, टाकी तीच आहे. अण्णांच्या फोटोत टाकीचं नुसतं टोक दिसतं. मला इथून अर्धी टाकी दिसतेय. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, कठड्याला चिकटले. छे! न जुळणारी जोडी मी लावणार नाही."

"तिपाई किती उंच लावलीस?"

"अण्णांच्या छातीइतकी. नेहमीसारखीच. त्यांचे सगळे फोटो तेवढ्यावरूनच जुळले. फोटोसाठी अण्णा कधी वाकले नाहीत, तुला माहीत आहे."

"माहीत आहे ना! अण्णा नाही वाकले. मी बसलो होतो. किती वेळा सांगितलं, छोटे? बसून काढला, बसून काढला! तुमच्यापैकी एकाने तरी बसून बघितलं का कधी?"



मग त्याने तिच्या हातात काठी दिली, कठड्याची सळई धरली आणि 'आई गं' करत स्वतःला फरशीवर सोडलं. "दे कॅमेरा." तिने तिपाईवरचा कॅमेरा काढून दिला. त्याने पाय पसरले, कॅमेरा मांड्यांवर ठेवला आणि दोन सळयांच्या मधून बाहेर रोखला. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दिसावा म्हणून छोटी त्याच्या खांद्यावरून ओणवली.

पडद्यावर टाकी छपरामागे पार बुडाली होती.

"फार खाली गेलं," ती हळूच म्हणाली. "आठ वर्षांचा होतास ना? गुडघे जवळ घेऊन बसला असशील. थोडा वर घे."

त्याने वर घेतला. छपरावरून टाकीचं टोक निघालं. "अजून. अजून किंचित. थांब! हलू नकोस, दादा!" तिने जुना फोटो पडद्याशेजारी धरला. छप्पर छपराला लागलं, टोक टोकाला. कडेला एक काळपट पट्टा होता. इतकी वर्षं सगळे त्याला छपाईतला डाग समजत होते. ती कठड्याची सळई निघाली.

छोटी मटकन त्याच्या शेजारी बसली. म्हणाली, "दादा, रोल तर अण्णांनीच धुतला असणार. त्यांना माहीत होतं."

"होतं तर! न विचारता कॅमेरा घेतला म्हणून कानाखाली वाजवली होती माझ्या. ज्या हाताने मारलं त्याच हाताने शिक्का मारला. एकदा म्हणायचं होतं गं त्यांनी, फोटो याचा म्हणून. चारचौघांत नको, घरात तरी. एकदाच."

"मीही हसत होते रे तुला."

"तू तर सगळ्यात मोठ्याने हसायचीस, भवाने." त्याने बाहीने डोळे पुसले. "आता बटण दाबू की नको? हात भरून आलेत माझे."

"दाब," ती म्हणाली. "आजचाही तूच काढ."

त्याने दाबलं. काचेची इमारत आली, छप्पर आलं, टाकीचं टोक आलं. कबुतरं काही आली नाहीत. मग त्याला उभं करायला छोटीला खालच्या शिंप्याला हाक मारावी लागली.

नाव कसं लिहायचं, हे तिने त्यालाच विचारलं. इतकी वर्षं मनात घोकलेलं पूर्ण नाव, आडनावासकट, त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने जरा विचार केला आणि वेगळंच सांगितलं.

प्रदर्शनाला डेपोतली जुनी मंडळी आली. कंडक्टरही आला, चष्मा सावरत. त्या जोडीसमोर उभा राहून त्याने खालची ओळ मोठ्याने वाचली, "'कॅमेरा अण्णांचा. दोन्ही फोटो दादाचे.'" पुन्हा एकदा वाचली, या वेळी मनात.

मग मागे वळून म्हणाला, "फोटोग्राफर, या इकडे. किती वाजता काढला, कसा काढला, सगळं सांगा. आज घंटी नाही माझ्याकडे."