सोरोसोरो, म्हणजे निघू या

बाबा गेल्यानंतर आई सहा महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे इंग्लंडमध्ये, स्लाऊला आली. तिला कायमचं इथेच ठेवून घ्यायचं, असं माझ्या मनात होतं. तिला ते मी बोलून दाखवलं नव्हतं. आधी रुळू दे, मग बोलू, असा माझा हिशेब.

ती रुळली म्हणजे किती! आल्या आल्याच खालच्या फ्लॅटमधल्या जपानी जोडप्याला परस्पर जेवायला बोलावून मोकळी झाली. त्या नवऱ्याची कंपनीने इकडे बदली केली होती, बायको घरीच असायची. जिन्यात भेटल्यावर हसण्यापलीकडे माझी त्यांच्याशी ओळख नव्हती.

श्रीखंड-पुरी झाली, मसालेभात झाला. मग त्या बाईने नवऱ्याकडे बघून हळूच म्हटलं, “सोरोसोरो...” दोघंही खुर्चीच्या कडेला सरकले. पाहुण्यांची चुळबुळ यजमानाने बघायची नसते, असं आईचं ठाम मत. “छे छे, एवढ्यात कुठे? कॉफी व्हायचीय अजून!” आई म्हणाली, आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. ते बसले. कॉफीनंतर पुन्हा सोरोसोरो, की आईने चिवडा काढला. बिचारे पुन्हा बसले. त्यांना नाही म्हणता येईना आणि आईला थांबता येईना. शेवटी एकदाचे उठले, तर दारात आईच्या गप्पा आणि त्यांचं वाकून वाकून आभार मानणं, ह्यात आणखी अर्धा तास गेला. नवऱ्याला पहाटे मँचेस्टरला जायचं होतं, हे दारात कळलं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी ती बाई आईने बरोबर दिलेला श्रीखंडाचा डबा परत द्यायला आली. डबा रिकामा नव्हता, आत तांदळाच्या कुरकुरीत चकत्या होत्या. आई खूश. मी शरमून त्या शब्दाचा अर्थ विचारला. तिने आपल्या सावकाश इंग्रजीत समजावलं. सोरोसोरो म्हणजे हळू, पाय न वाजवता चालणं. आणि एखाद्या गोष्टीची वेळ होत आली, की तेव्हाही सोरोसोरो. कुणाच्या घरून निघताना म्हणतात, म्हणजे एकदम उठल्यासारखं होत नाही. घरची बाई एकदा म्हणते, थांबा ना थोडं. मग सगळे उठतात.

“एकदाच?” आईने विचारलं. मी भाषांतर केल्यावर ती बाई तोंडावर हात धरून हसली.

“आपलं सरसर म्हणजे भरभर, आणि यांचं सोरोसोरो म्हणजे सावकाश. उलटंच की गं सगळं,” आई म्हणाली. पण शब्द तिला आवडला. दुपारी दोघी बागेत फिरायला जाऊ लागल्या. एक मराठीत बोलायची, दुसरी जपानीत, आणि दोघींचं अगदी छान चालायचं. आमच्या घरात मग सोरोसोरो कुकर लागायचा, सोरोसोरो थंडी सुटायची, आणि आठ वाजले की माझा नवरा सोरोसोरो भांड्यांना लागायचा.

एका रविवारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना आई म्हणाली, “सोरोसोरो निघावं म्हणते मी.”

एवढ्यात कुठे, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्या जेवणाच्या रात्रीचे ते दोघे आठवले, खुर्चीच्या कडेला टेकलेले. निघणाऱ्याला अडवायचं नाही, एवढं तरी मी शिकले होते म्हणायचं. मी म्हटलं, “बरं. तिकिटाचं बघते.”

आईच्या हातातला टॉवेल थांबला. “बघ,” ती म्हणाली.

रात्री नवरा म्हणाला, “अगं, राहा म्हण ना तिला. तू तर पर्मनंट ठेवणार होतीस.”

“तिला जायचंय. तिची लाइफ आहे, तिला डिसाइड करू दे,” मी म्हटलं. किती समजूतदार झाले आहे मी, असंही वाटलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

आईने बॅग भरली, शेजाऱ्यांचा निरोप घेतला. कमी बोलत होती. प्रवासाचं टेन्शन असेल, असं मी धरून चालले. हीथ्रोला सामान दिलं, बोर्डिंग पास मिळाला, आणि सिक्युरिटीच्या रांगेपाशी, जिथून पुढे मला जाता येत नव्हतं, तिथे ती वळली.

“एकदा तरी थांब म्हणायचं होतंस गं.”

“तुला राहायचं होतं?”

“ते मला कुठे माहीत? लेकीच्या घरी आपण होऊन कसं राहायचं, तेच कळत नव्हतं. तू म्हणाली असतीस, तर विचार तरी केला असता.”

मला तिचा राग आला. माझा त्याहून जास्त आला. लोक ट्रॉल्या ढकलत बाजूने जात होते. मी तिचा दंड धरला आणि लहान मुलीसारखं म्हटलं, “थांब ना, आई. जाऊ नकोस ना.”

“वेडी कुठली. विमान लागलंय,” ती म्हणाली. पदराने माझे डोळे पुसले आणि हसली. तिकीट काढल्यापासून ती अशी हसली नव्हती. “आता जाते मी नीट,” म्हणाली, आणि रांगेत शिरली.