भिंतीपलीकडचं वायफाय

राहू गावात नकुशी आणि तिची धाकटी जाऊ शालन यांच्या घरांमध्ये भिंत एकच. शालननं वायफाय घेतलं आणि तेव्हापासून नकुशीची लेक प्रांजल संध्याकाळ झाली की पलीकडं पळायची. इकडं नकुशी एकटीच शेवंती निवडत बसायची. भिंतीपलीकडून दोघींचं खिदळणं ऐकू आलं की तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

"तुला रोज दीड जीबी मिळतंय की," ती एकदा प्रांजलला म्हणाली.

"ते दुपारीच संपतंय. आई, आपल्या तीन मोबाईलच्या रिचार्जला महिन्याला नऊशे जात्यात. काकीला वायफाय पाचशेत पडतंय, आन् सगळं घर वापरतंय."

"मग तिलाच आई म्हण जा."

पण आठ दिवसांत नकुशीनंही वायफाय बसवून घेतलं. डबा मुद्दाम दारापाशीच लावला, शालनला येता-जाता दिसावा म्हणून.

त्या संध्याकाळी प्रांजल घरीच थांबली. मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसली, ती हूं नाही की चूं नाही.

"काकीकडं तर लई बोलत होतीस," नकुशी शेवटी म्हणाली.

"तिथं लगेच नेट कुठं मिळायचं? काकी रोज पासवर्ड बदलती. आधी दोन पाट्या शेवंती निवडून घेती, मग सांगती. निवडता निवडता गप्पा व्हायच्या."

नकुशीच्या हातातलं फूल हातातच राहिलं. पोरगी तिची, आणि फुलं निवडली शालनची. ती उठली, डब्याचं बटण बंद केलं आणि पाटी प्रांजलच्या पुढ्यात सरकवली.

"निवड. आन् हास जरा मोठ्यानं, पलीकडं ऐकू गेलं पाहिजे."