नैवेद्याआधीची गोळी

गेल्या वर्षी चैत्रात मी सप्तशृंगीवर चक्क रुसले होते. आमच्या सिडकोतल्या भजनी मंडळात आरती उचलायचा मान माझा, आणि नेमका माझा आवाजच बसला होता. अंग जड, केस कंगव्यात, पाळीला धरबंद नाही. मंडळातल्या सगळ्या माझ्याच वयाच्या. "अगं, हे वयच असं," म्हणत प्रत्येकीने आपापली रड ऐकवली. थायरॉइडची गोळी मला आधीपासून चालू होती. म्हणजे दोष थायरॉइडचा नाही, पाळी जायच्या वयाचा, असं मीच ठरवून टाकलं आणि तपासणीकडे फिरकले नाही. पण पुढे आश्विनातल्या नवरात्रात आरती दुसरी कोणीतरी उचलणार, या विचाराने मला रडू यायचं.

पायऱ्या झेपेनात म्हणून वणीच्या गडावर रुळांवरच्या ट्रॉलीने गेले, त्याचीही लाज वाटत होती. दर्शनबारीत माझ्यापुढे मनमाडची एक बाई होती, माझ्याच वयाची. पदराने वारा घेत, बाटलीतलं पाणी मानेवर ओतत उभी. मागे वळून तिने मला पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"अहो ताई, पाळी जायला लागल्यापासून माझ्या अंगातून नुसत्या वाफा निघत्यात. अन् तुम्ही चैताच्या उन्हात स्वेटर घालून?"

"थंडी वाजते हो. वय झालं आपलं," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"वय तर माझं बी तेच हाय! मग मला भट्टी अन् तुम्हाला बर्फ कसा? आपलं दुखणं एक नाय, ताई. डॉक्टरला दाखवा."

तेवढ्यात बारी सरकली. देवीसमोर मी हात जोडले. मान किंचित कलती करून उभी असते ती, जणू कोणाचं ऐकते आहे. मी मनातच म्हटलं, आई, तूच काय ते बघ. बाहेर येऊन त्या बाईला शोधलं, पण ती गर्दीत कुठे गेली कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरबाईंकडे गेले. रक्त तपासलं, तर गोळी चालू असूनही थायरॉइड पार मंदावलेलं. त्या म्हणाल्या, "पाळी वयामुळे बदलत असेलही. पण ही थंडी आणि हा आवाज थायरॉइडचा दिसतोय. गोळी घेता कशी?"

मी अभिमानाने सांगितलं. देवीच्या नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही, हा आईने लावलेला नेम. मग गोळी तरी कशी घालू? नैवेद्य दाखवला की प्रसाद लगेच घ्यायचा, म्हणून त्या दुधाबरोबरच गोळी घेते, तेवढाच प्रसादाचा गुण!

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. "अहो, दूध त्या गोळीला अंगी लागू देत नाही! उठल्यावर नुसत्या पाण्याने घ्या. देवीचं दूध तासाभराने."

पहिल्या सकाळी गोळी तोंडात टाकण्याआधी देवघराकडे वळले. "आई, आज तुझ्याआधी मी," एवढंच म्हणाले. आभाळ काही कोसळलं नाही. हळूहळू स्वेटर कपाटात गेला, पाय हलके झाले, आणि घटस्थापनेला आरती मीच उचलली. ढोलकीवाल्या वहिनी वाजवायचं विसरून माझ्याकडे बघतच राहिल्या.

नेम घट्ट धरणं म्हणजेच शरण जाणं, असं मी धरून चालले होते. देवीने तर मला तोच सैल करायला लावला. त्यासाठी तिने चमत्कार केला की मनमाडची एक घामाघूम बाई पाठवली, याचा काथ्याकूट मी करत नाही. तिचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून रोज देवीबरोबर तिलाही हात जोडते.

आता सकाळी गोळी घेतली की दुधाची वाटी झाकून मी देवघरासमोर बसते. तासभर देवीला उपाशी थांबावं लागतं. तेवढ्या वेळात मी तिला आरती म्हणून दाखवते.